खरेदीची लांबची सफर : आधी थांबे, मग गाडी

रमजानला दीड-दोन महिने राहिले की आमच्यासारख्या कापडवाल्यांची झोप उडते. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल आणायचे असतात, इचलकरंजीचे सुती कापड उचलायचे असते, आणि कोकणातल्या दुकानदारांकडे अडकलेली मागल्या हंगामाची उधारी नवा माल देण्यापूर्वी मोकळी करायची असते. ही तिन्ही कामे वेगवेगळी केली तर तीन फेऱ्या होतात. एका फेरीत केली तर दिवाळे, सोलापूर, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर, आंबा घाट, चिपळूण, महाड आणि परत दिवाळे असे साधारण ११०० किलोमीटरचे वर्तुळ पुरे होते. आम्ही बरीच वर्षे हे वर्तुळ करीत आलो आहोत. त्याची आखणी कशी करावी, हे अनेक व्यापारी बंधू विचारतात, म्हणून हा लेख.

आमच्या गावाचे नाव दिवाळे. बेलापूरच्या खाडीवरचे हे कोळ्यांचे जुने गाव. सोलापूरच्या एका पेढीवर पहिल्यांदा पत्ता सांगितला तेव्हा शेठजी चष्म्यावरून आमच्याकडे पाहत म्हणाले, "उधारी मागायला आलात आणि गाव दिवाळे सांगता?" तेव्हापासून तिथे आम्हाला रोखीनेच माल मिळतो. असो.

पूर्वी आम्हीही इतरांसारखेच करीत होतो. रात्री जेवून निघायचे, पहाटे सोलापूर गाठायचे, दिवसभर बाजार करायचा, रात्री पुन्हा गाडीत बसायचे, दुसऱ्या दिवशी इचलकरंजी, आणि तिसऱ्या रात्री पुण्यावरून घर. लॉजचे भाडे वाचले, दुकान दोनच दिवस बंद राहिले, याचा मोठा आनंद वाटत असे. २०११ च्या जानेवारीत अशाच एका परतीच्या रात्री कराडच्या अलीकडे आमचा टेम्पो उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, हे खरे. पण आमच्या ड्रायव्हर चाचांनी त्याआधीच्या चाळीस तासांत नीट पाच तासही पाठ टेकली नव्हती, हेही तितकेच खरे. अर्ध्या तासापूर्वी आम्ही विचारले होते, "चाचा, झोप येतेय का?" ते म्हणाले, "नाही सेठ, चला." पगार देणाऱ्याने विचारल्यावर नोकर दुसरे काय म्हणणार? शेजारी आमचा धाकटा भाऊ बसला होता. त्याच्या मांडीचे हाड मोडले. तो चार महिने घरी होता आणि आजही थोडा लंगडतो. गाठींना मात्र काही झाले नाही. त्या रात्री लॉजचे जे काही वाचले, ते आम्ही वहीत लिहून ठेवले होते. तो आकडा पाहण्याची पुढे आम्हाला हिंमत झाली नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. गाडी मगरिबच्या अजानला उभी असली पाहिजे. जिथे असू तिथे नव्हे, तर आधी ठरवलेल्या मुक्कामी. म्हणजे आधी मुक्काम ठरतात, मग मधले थांबे, आणि सर्वांत शेवटी सकाळी किती वाजता निघायचे ते. बहुतेक लोक हे उलटे करतात. निघायची वेळ ठरवतात आणि बाकीचे अल्लाहवर सोडतात. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून देणे नव्हे, हे आपल्याकडे मदरशातल्या मुलालाही ठाऊक असते. गाडीच्या बाबतीत मात्र आपण विसरतो.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. तुमचे काम फक्त सोलापुरात असेल तर गाडी काढूच नका. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसावे, सकाळी उतरावे, माल हुंडेकऱ्याच्या हवाली करून परत यावे. त्याहून स्वस्त आणि सुखाचे काही नाही. रस्त्याने जाणे परवडते ते तीन कामे एका वर्तुळात बसली तरच. अकराशे किलोमीटरला आमच्या छोट्या टेम्पोची सरासरी लिटरला बारा धरली तर ९२ लिटर डिझेल लागते. त्यात टोल, चार रात्रींचा मुक्काम, दोन माणसांचे जेवण आणि ड्रायव्हरचा भत्ता मिळवा. ही रक्कम खरेदीवर आणि वसुलीवर वाटली की मीटरमागे किती पैसे पडतात ते दिसते. ते महाग वाटले तर घरी बसून फोनवर माल मागवावा.

टोलबद्दल दोन शब्द. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघाला तेव्हा आमच्या बाजारात मोठी चर्चा झाली. तो पास खासगी मोटार, जीप, व्हॅन यांच्यासाठी आहे, मालवाहू टेम्पोसाठी नाही. शिवाय तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाचा आहे, तिथे मोटारीलाही टोल नेहमीसारखाच द्यावा लागतो. आणि पांढऱ्या नंबरच्या घरच्या मोटारीत विक्रीचा माल कोंबून नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की अपघात झाला तर विमा कंपनी पहिला आक्षेप त्यावरच घेऊ शकते. टेम्पोत मागे गाठींवर माणूस बसवणे तर नकोच. लायसन्सबाबत पूर्वी मोठा घोळ होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. त्यामुळे आपल्यापैकी ज्यांना गाडी येते त्यांनी अधूनमधून चक्र हातात घ्यावे आणि ड्रायव्हरला शेजारी डोळे मिटू द्यावे.

आता आखणी. आम्ही सोमवारी निघतो, कारण मग शुक्रवार महाडला येतो. त्याचे कारण पुढे येईल. रविवारी इशा झाल्याबरोबर झोपायचे. सोमवारी पहाटे पावणेपाचला दिवाळे सोडायचे. पूर्ण झोप घेतलेल्या माणसाने अंधारात गाडी चालवण्याचा हा सबंध सफरीतला एकच टप्पा. हिवाळ्यात फजर लोणावळ्याला मिळते. नमाज, चहा, आणि साडेसहाला पुढे. आठ वाजेपर्यंत हडपसर ओलांडले नाही तर पुणे तुमचा दीड तास खाते, आणि तो तास सोलापूरच्या बाजारातून वजा होतो.

हडपसरपासून भिगवण सुमारे ९५ किलोमीटर. पहिला खरा थांबा इथे. उजनी धरणाचे पाणी इथवर पसरले आहे आणि डिसेंबर ते मार्च या काळात रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उथळ पाण्यात उभे असतात. हमरस्ता सोडून कुंभारगावाकडे गेले की मच्छीमार होडीतून फिरवून आणतात. आम्ही होडीत बसत नाही, तेवढा वेळ नसतो. काठावर वीस मिनिटे बसतो. गंमत अशी की दिवाळ्याच्या धक्क्यावर रोज मासळी पाहणारे आम्ही भिगवणला आल्यावर पुन्हा मासळीच पाहत बसतो. पण गोड्या पाण्याची मासळी वेगळी, आणि इथला मच्छीमार आमच्या कोळ्यांपेक्षा भाव कमी सांगतो. हा थांबा नुसता देखाव्यासाठी नाही. तीन-सव्वातीन तास गाडी चाललेली असते, ड्रायव्हरचे पाय मोकळे व्हायला हवेत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे माप घालून दिले होते. आम्ही आमच्यापुरते ते तीन तासांवर आणले आहे.

पुढे इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करीत एकच्या सुमारास सोलापूर. जेवणाला विजापूर वेस. सफरीत नमाजची सोय हा आपल्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न असतो. आमच्यासारखे शाफई मसलकाचे कोकणी लोक सफरीत जोहर आणि असर एकत्र करतात, तशीच मगरिब आणि इशाही, त्यामुळे थांबे कमी लागतात. हनफी बंधू कसर करतात पण नमाजा एकत्र करीत नाहीत, म्हणून त्यांनी असरचा थांबा वेगळा धरावा. कसर फक्त चार रकातींच्या नमाजला आहे, फजर आणि मगरिब पूर्णच. अंतराचे आणि मुक्कामाच्या दिवसांचे मसले दोन्ही मसलकांत वेगळे आहेत. ते निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावेत, रस्त्यात वाद घालत बसू नये.

सोलापूरची चादर आणि टॉवेल घेताना एक पथ्य पाळावे. रंग दिवसाच्या उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली लाल आणि मरून सारखेच दिसतात, आणि घरी आल्यावर गिऱ्हाईक तोंडावर फेकते. म्हणूनच दुपारी पोहोचणे महत्त्वाचे. संध्याकाळी पोहोचणारा व्यापारी भाव करतो, पण माल पाहत नाही. टॉवेल डझनावर न घेता वजनावर तोलून पाहावा. चादरीचा पन्ना आणि लांबी स्वतःच्या टेपने मोजावी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे 'सोलापुरी' म्हणून विकायची तर ती सोलापूरचीच हवी. दुसरीकडची स्वस्त चादर त्या नावाने विकणे हा कायद्याचा प्रश्न आहेच, पण हलाल कमाईचाही आहे.

इथे आमच्या सबंध आखणीची किल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सोलापुरात घेतलेला माल आम्ही आमच्या टेम्पोत भरत नाही. जागा असते तरी भरत नाही. कारण ई-वे बिल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ते लागत नाही, त्यावर लागते. त्याची मुदत अंतरावर ठरते. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, त्याआधी शंभराला एक मिळत असे. सोलापूर ते दिवाळे ३८०-८५ किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. दिवस मोजण्याची रीत अशी की बिल ज्या तारखेला काढले त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री पहिला दिवस संपतो. सोमवारी संध्याकाळी काढलेले बिल बुधवारी मध्यरात्री संपणार. आणि आम्ही घरी पोहोचणार शुक्रवारी. मधले दोन दिवस आमच्या टेम्पोत मुदत संपलेला माल फिरणार. शिवाय सोलापूरहून दिवाळ्याला जाणारा माल कोल्हापूरच्या आणि चिपळूणच्या रस्त्यावर काय करतो आहे, या प्रश्नाला तपासनीसासमोर काय उत्तर देणार? मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा आठ तासांनंतरपर्यंत ती वाढवता येते, पण त्याला सबळ कारण द्यावे लागते. फिरत फिरत चाललो आहोत, हे कारण नव्हे. माल अडवला गेला तर दंड कराच्या दुप्पट बसतो. कापडावर कर पाच टक्के, म्हणजे दंड मालाच्या किमतीच्या दहा टक्के. आपल्या धंद्यात दहा टक्के नफा तरी कोणत्या मालावर उरतो?

म्हणून सोलापूरच्या गाठी तिथल्याच हुंडेकऱ्याकडे टाकायच्या, बिल्टी खिशात ठेवायची, आणि टेम्पो रिकामाच पुढे न्यायचा. लोकांना हे वेडेपणाचे वाटते. "स्वतःची गाडी असून भाडे देता?" असे आमचे साडूभाई दर वर्षी विचारतात. पण जड चादरी घाटातून फिरवण्याचे डिझेल, ब्रेक आणि धोका यांचा हिशेब केला तर हुंडेकऱ्याचे भाडे स्वस्तच पडते.

जातानाच्या मालाला हीच रीत उलट उपयोगी पडते. मिरजेच्या दुकानांसाठी आम्ही उल्हासनगरचे रेडिमेड नेतो. दिवाळे ते मिरज सरळ अंतर चारशेच्या आत, म्हणजे तिथेही दोनच दिवस. बिल रविवारी रात्री काढले तर ते मंगळवारी मध्यरात्री संपते आणि आम्ही मिरजेला मंगळवारी संध्याकाळी पोहोचतो. टायर फुटले की झालेच. म्हणून बिल रात्री बारा वाजून गेल्यावर, पहाटे निघताना काढायचे. तारीख सोमवारची पडते आणि पूर्ण एक दिवस जास्त मिळतो. माल लाखाच्या आत असला तरी विक्रीचे बिल गाडीत हवेच.

मंगळवारी सकाळी उरलेले काम, आणि जोहरच्या सुमारास मंगळवेढा, सांगोला मार्गे मिरजेकडे. हे अंतर १८५ किलोमीटरच्या आसपास. या दिवसांत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी उभी असते, दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर. आषाढ आणि कार्तिकात मात्र हा रस्ता धरू नये. पंढरपूरच्या वारीमुळे सगळी वाहतूक वळवलेली असते, आणि वारकऱ्यांची वाट अडवून आपला कारोबार होत नाही. आषाढात तर पुणे-सोलापूर रस्त्यालाही पालखी असते.

मिरजेला पाचच्या आत पोहोचावे, कारण शिकलगार बंधूंची दुकाने पाहण्यासारखी आहेत. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याजवळच ही सतारमेकरांची गल्ली. शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस संपले तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या कारागिराने सतार-तंबोरे दुरुस्त करता करता नवे बनवायला सुरुवात केली, आणि सगळी बिरादरी त्या कामाला लागली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी या गावात अखेरपर्यंत वास्तव्य केले आणि १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाल्यावर त्यांना दर्ग्याच्या आवारातच दफन करण्यात आले. तंबोऱ्याचे भोपळे येतात ते आपण नुकत्याच मागे टाकलेल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या रानातून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हाला सुरांतले काही कळत नाही. पण हाताला असलेला एक हुन्नर बाजारातून उठला तर त्याच हाताला दुसरा कसा शिकवावा, हे पाहायला आम्ही दर वेळी अर्धा तास तिथे बसतो. यंत्रमागाचे दिवस पाहता हे आपल्या कारागिरांनी मुद्दाम पाहावे. मुक्काम मिरजेलाच.

बुधवार इचलकरंजीचा. मिरजेहून तासाभराचा रस्ता. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, त्यातून हे गाव उभे राहिले आणि २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. जाण्यापूर्वी दोन दिवस फोन करून कारखान्याची आणि बाजाराची सुट्टी विचारावी. प्रत्येक यंत्रमागाच्या गावाचा सुट्टीचा वार वेगळा. मालेगावात शुक्रवार असतो म्हणून इथेही तोच असेल, असे धरून चालू नये. कापड घेताना रीड-पिक मोजायचे भिंग खिशात असू द्यावे आणि ताक्याचा वरचा पदर नव्हे, मधला उलगडून पाहावा.

हा माल मात्र आम्ही टेम्पोत भरतो. कारण तो कोकणातल्या गिऱ्हाइकांनी फोनवर आधीच मागितलेला असतो. चिपळूणचे बिल वेगळे, खेडचे वेगळे, महाडचे वेगळे, आणि ज्याचा माल लाखावर त्याचे ई-वे बिलही वेगळे. बुधवारी दुपारी काढलेले बिल दोन दिवसांचे असेल तर शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत चालते. शुक्रवारी असरपर्यंत गाडी रिकामी झालेली असते.

संध्याकाळी कोल्हापूर. अंतर तीस किलोमीटर, पण दिवेलागणीच्या आत पोहोचावे. या भागात थंडीत ऊस तोडणी चालू असते आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री दिव्याशिवाय चालतात, उभेही राहतात. आम्ही ते कसे शिकलो ते वर लिहिलेच आहे. कोल्हापुरात दसरा चौकात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेले मुस्लिम बोर्डिंग आहे. मुलगा सोबत असेल तर त्याला ते दाखवावे.

मुक्कामाबद्दल एक कडू गोष्ट. आपल्यातले बरेच व्यापारी स्वतः लॉजवर झोपतात आणि ड्रायव्हरला मालाची राखण म्हणून टेम्पोत झोपवतात. थंडी, डास, रस्त्याचा आवाज. सकाळी त्याच माणसाच्या हाती घाटात आपला जीव द्यायचा असतो. आम्ही भरलेली गाडी ओळखीच्या हुंडेकऱ्याच्या आवारात लावतो, त्याच्या राखणदाराच्या हातावर थोडे पैसे ठेवतो, आणि चाचांची खाट आमच्या खोलीतच असते. ते घोरतात. त्याला इलाज नाही.

गुरुवारी सात वाजता कोल्हापूर सोडले की मलकापूर करीत नऊच्या आत आंबा गावात. इथे सह्याद्री संपतो आणि खाली कोकण दिसते. सकाळी धुके उतरलेले असते, करवंदीच्या जाळ्या दवाने ओल्या असतात. बाजूला गाडी लावून पंधरा मिनिटे थांबावे. देखावा आहेच, पण ब्रेकसाठीही हा थांबा हवा. इथून साखरप्यापर्यंत भरलेली गाडी उतरायची असते. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेक ड्रायव्हरांना असते. ती जीवघेणी आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक दाबूनही धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. जळका वास आला की लगेच सुरक्षित जागी उभे राहावे, आणि तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये. निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची खात्री कोल्हापुरातच करून घ्यावी. पावसाळ्यात दरड आली की अर्ध्या घाटातून परत फिरावे लागते.

साखरपा, पाली, हातखंबा. तिथून गोव्याच्या महामार्गाने उत्तरेला वळून संगमेश्वर, सावर्डे आणि दोनच्या सुमारास चिपळूण. हा सगळा मुलूख आपल्या माणसांचा, जेवणाची आणि नमाजची चिंता नाही. दुपारभर माल उतरवणे आणि वसुली. चिपळूणच्या दुकानदाराकडे वसुलीला जाताना आम्ही जरा नरमाईने बोलतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथली सगळी बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली, कापडाचे ताकेच्या ताके चिखलात गेले. त्यानंतर कित्येकांनी तीन-तीन वर्षांत हप्त्याने आमचे पैसे फेडले, बुडवले कोणी नाही. ज्या बाजाराने हे केले त्याला ईदचा माल आठ दिवस आधी पोहोचवणे आमचे काम आहे. मुक्काम चिपळूण.

शुक्रवारी सकाळी खेड. कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुना वळणांचा घाट टळला आहे. पोलादपूरवरून अकराच्या सुमारास महाड. या रस्त्याचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत रखडत आले. आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी महाडच्या गिऱ्हाइकाला फोन करून रस्त्याचा हाल विचारतो. महाडात शिरताना सावित्रीचा पूल लागतो. इथला इंग्रजांच्या काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराने वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. अंधारात पुढच्या ड्रायव्हरला पूल नाही हे कळलेच नाही. नवा पूल वर्षाच्या आत झाला. पण पावसाळ्यात रात्री या रस्त्याला जाण्याचे नाव आम्ही तेव्हापासून घेतलेले नाही.

जुमा महाडला. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, पण आम्ही तो चुकवत नाही. एक कारण दीनचे, दुसरे दुनियेचे. नमाजनंतर मशिदीबाहेर सगळे गिऱ्हाईक एका जागी भेटतात. तिथे पैशांची गोष्ट काढायची नसते, फक्त सलाम करायचा असतो. तासाभराने ज्याचे त्याचे दुकान उघडले की ज्याला द्यायचे आहेत तो स्वतःच गल्ला उघडतो.

अडीच-तीनला निघून माणगाव, इंदापूर. सोमवारी सोलापूरच्या वाटेवर एक इंदापूर लागले होते, हे दुसरे, रायगडातले. फोनवर "इंदापूरला आहोत" एवढेच सांगून एकदा आम्ही घरच्यांना चांगलेच घोटाळ्यात टाकले होते. कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण. हिवाळ्यात मगरिबच्या आत पोहोचायचे तर वाटेत कुठे रेंगाळू नये. कर्नाळ्याच्या जंगलाजवळ पाच मिनिटे तेवढी थांबतो, चाचांच्या चहासाठी. पनवेलच्या गर्दीत शिरण्याआधीचा हा शेवटचा शांत थांबा.

घरी आल्यावर वसुलीची रक्कम त्याच रात्री वहीत चढवायची, थकवा असला तरी. शनिवारी टेम्पो बाहेर काढायचा नाही, चाचांना सुट्टी. सोलापूरच्या गाठी तोवर हुंडेकऱ्याच्या वाशीच्या गोदामात येऊन पडलेल्या असतात. बिल्टी दाखवून त्या सोडवून घेताना प्रत्येक गाठीची शिलाई तपासावी, आणि उसवलेली दिसली तर पावतीवर तसे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.